पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने देतोय, कर किती आणि कसा? सल्ला हवा

नाशकात_नवा
नमस्कार मंडळी. नाशिकला बदली झाल्यामुळे कोथरूडचा वन बीएचके एप्रिलपासून भाड्याने द्यायचाय. भाडं २४,०००, डिपॉझिट एक लाख, भाडेकरू आयटीतलं जोडपं. गृहकर्ज चालू आहे, वर्षाला साधारण २,४०,००० व्याजात जातात. मी पगारदार माणूस, ऑफिसने कापलेला टीडीएस बघून रिटर्न भरायचं, यापलीकडे गती नाही. पूर्ण २,८८,००० वर कर बसतो का? मेंटेनन्स आणि रंगकाम वजा होतं का? फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर आहे, पण बायको नोकरी करत नाही. भाडं तिच्या खात्यात घेतलं तर चालेल? आणि एजंट म्हणतो, 'करारात १४ दाखवा, दहा रोख घ्या, सगळे तसंच करतात.' खरंच करतात?

हिशोबनीस
पूर्ण भाड्यावर कर बसत नाही. तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. वर्षाचं भाडं २,८८,०००. त्यातून तुम्ही त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला महापालिकेचा मालमत्ता कर वजा. तो १८,००० धरला तर राहिले २,७०,०००. त्याच्या ३०% म्हणजे ८१,००० सरसकट वजावट. उरले १,८९,०००.

ही ३०% दुरुस्ती-देखभालीपोटीच असते, म्हणून रंगकाम, प्लंबर, मेंटेनन्स, एजंटची दलाली यातलं काहीही वेगळं वजा होत नाही. एक पैसा खर्च केला नाहीत तरी ३०% मिळतात आणि लाखभर घातलेत तरी तेवढेच. त्यामुळे रंगाऱ्याची बिलं फाइलला लावत बसू नका. मालमत्ता कराची पावती आणि बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र मात्र जपा.

आता १,८९,००० मधून २,४०,००० व्याज वजा केलं की ५१,००० तोटा. इथे रिजीमचा, म्हणजे आयकर मोजायच्या जुन्या-नव्या पद्धतींपैकी तुम्ही कुठली निवडलीत याचा, प्रश्न येतो. जुन्या रिजीममध्ये हा तोटा पगारातून वजा होतो (वर्षाला दोन लाखांपर्यंत, उरलेला पुढची आठ वर्षं ओढता येतो, पण तेव्हा फक्त घरभाड्याच्या उत्पन्नातूनच). नव्या रिजीममध्ये व्याज घरभाड्याचं उत्पन्न शून्य होईपर्यंतच उपयोगी. वरचे ५१,००० गेले. ना पगारातून वजा, ना पुढच्या वर्षी. पण स्वतः राहत्या घराच्या व्याजाला नव्या रिजीममध्ये काहीच मिळत नाही, त्या मानाने तुमचं बरंच आहे. थोडक्यात, यंदा या भाड्यावर तुम्हाला कर शून्य. डिपॉझिट परत द्यायचं असतं, ते उत्पन्नात धरू नका.

बायकोचं खातं: खातं कुणाचंही असो, उत्पन्न मालकाचं. फ्लॅट तिला बक्षीस दिलात तरी कर तुम्हालाच लागेल, ती पळवाट कायद्याने आधीच बुजवलीये.

कागदपत्र_काकू
एजंटला आधी रामराम ठोका. वरचा हिशोब बघा, कर शून्यच येतोय तर दहा हजार लपवून मिळवणार काय? शिवाय भाडेकरू जुन्या रिजीममध्ये असेल तर घरभाडे भत्त्याची सूट घेणार, आणि भाडं वर्षाला लाखाच्या वर असलं की ऑफिस घरमालकाचा पॅन मागतं. म्हणजे तुमचं भाडं आयकर खात्याला तुमच्याआधी भाडेकरूकडून कळणार. आणि उद्या त्याने भाडं थकवलं तर तुमच्या हातात १४ चाच करार.

अकरा महिन्यांचा करार आहे म्हणून नोंदणी नको, हेही कुणी सांगेल. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो आणि जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क असं: मुदतीतलं एकूण भाडं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १०% धरून येणारं व्याज मिळवायचं, आणि त्या बेरजेवर ०.२५%. तुमचं सातशे रुपयांच्या आसपास येईल. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. घरबसल्या ऑनलाइन होतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची, तेही विसरू नका.

कर्वेरोडवासी
पुण्यापुरतं एक. स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मालमत्ता करात ४०% सवलत देते. भाड्याने दिलं की तो हक्क राहत नाही, बिल वाढेल. भाडं ठरवतानाच ते धरा. सोसायटीही बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते) लावेल, पण ते सेवाशुल्काच्या १०% पेक्षा जास्त लावता येत नाही. आमच्या सोसायटीत एका सेक्रेटरींनी मनाला येईल तो आकडा लावला होता, शासनाचा २००१ चा आदेश दाखवल्यावर गप्प बसले.

दुबईहून_ठाणेकर
धागा चोरतोय, माफ करा. आमचा ठाण्यातला फ्लॅट भाड्याने आहे, मी अनिवासी. भाडं ३०,००० च आहे, तरी भाडेकरूने टीडीएस कापायचा?

हिशोबनीस
@दुबईहून_ठाणेकर, हो. वैयक्तिक भाडेकरूला महिना ५०,००० च्या वर भाडं असलं तरच २% कापावे लागतात, ते निवासी घरमालकासाठी (ऑक्टोबर २०२४ पूर्वी ५% होते). मालक अनिवासी असेल तर रकमेची मर्यादाच नाही, ३०% अधिक उपकर कापायचा. तुमचा प्रत्यक्ष कर कमी येत असेल तर आयकर खात्याकडून कमी दराचं प्रमाणपत्र काढा, नाहीतर रिटर्न भरून परतावा घ्या. भाडेकरूला हे करार करतानाच सांगा, नियम न पाळल्याचा भुर्दंड त्याला बसतो.

नाशकात_नवा
सगळ्यांचे आभार. एजंटला नाही कळवलं. शेवटचं: कर्ज फिटत गेलं आणि व्याज उतरलं की मग?

हिशोबनीस
मग कर लागू लागेल. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त उरत असेल तर आगाऊ कर भरायचा: जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या १५ तारखा. पगारदारांना सोपा रस्ता म्हणजे भाड्याचं उत्पन्न ऑफिसला कळवायचं, तेच पगारातून जास्त कापतात.