मदत हवी आहे: डीएस लाइटचा टच उजव्या कडेला चुकतोय, फक्त टचची काच बदलता येते का?

माझ्याकडे जुना निन्टेन्डो डीएस लाइट (वर-खाली दोन स्क्रीनचा, हातात धरून खेळायचा गेम कन्सोल) आहे, त्यावर 'वॉरिओवेअर टच्ड' खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एकेक खेळ जेमतेम चार-पाच सेकंदांचा, स्टायलसने कापा, घासा, गोल फिरवा आणि पुढे चला. म्हणजे टच केसभर हलला तरी जीव गेलाच.

माझं नेमकं हेच होतंय. खालच्या स्क्रीनच्या उजव्या कडेला साधारण बोटभर पट्ट्यात रेघ मारली की ती मध्येच तुटते आणि डावीकडे उडी मारते. बाकी स्क्रीन ठणठणीत. माइकच्या फुंकर मारायच्या लेव्हल्स बिनबोभाट पार होतात.

सेटिंग्जमधून टच कॅलिब्रेशन तीनदा केलं. जुना स्क्रीनगार्ड काढला, कडेच्या फटीतली धूळ ब्रशने साफ केली (बरीच निघाली, लाज वाटली). दुसरी कार्ट्रिज लावली तरी तेच, म्हणजे गेमचा दोष नाही. लॅमिंग्टन रोडला दोन दुकानांत विचारलं. एक म्हणाला अख्खा डिस्प्ले बदलावा लागेल, दुसऱ्याने हातातही घेतला नाही.

फोनवर एम्युलेटर (असे गेम फोनवर चालवणारं अ‍ॅप) कृपया सुचवू नका, बोटाने तो वेग जमत नाही. सोल्डरिंग येत नाही, तिकोनी स्क्रू-ड्रायव्हर मात्र आणलाय.

तर, खालच्या स्क्रीनचा एलसीडी (चित्र दाखवणारा भाग) तसाच ठेवून फक्त त्याच्यावरची टचची काच कोणी बदलली आहे का? घरी जमण्यासारखं आहे का, आणि ती काच मुंबईत कुठे मिळेल?