शकुंतला भगत राहिल्या की!

वरच्या पोस्टमध्ये काश्मीरच्या चिनाब रेल्वे पुलावर काम केलेल्या इंजिनिअर माधवी लतांचं कौतुक चाललंय ते बरोबरच, पण बायका आत्ता कुठे पुलांच्या कामात यायला लागल्या असं त्यात जे लिहिलंय ते काही पटलं नाही बुवा. शकुंतला भगत 1953 सालीच मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या, देशातल्या अगदी सुरुवातीच्या काही जणींपैकी! पुढे आयआयटी मुंबईत शिकवलं, मग नवऱ्याबरोबर क्वाड्रिकॉन ही पुलांची कंपनी काढली, तिची पद्धत म्हणजे पुलाचे स्टीलचे सुटे भाग कारखान्यातच ठरलेल्या मापात बनवायचे, ट्रकने न्यायचे आणि जागेवर जोडायचे, पूल लहान असो की मोठा भाग तेच, त्यामुळे डोंगराळ भागात फारच सोयीचं. 1972 मध्ये हिमाचलातल्या स्पितीत त्यांचा असा पहिला पूल उभा राहिला.

आणि माधवीताईंचं काम चिनाब पुलाच्या कमानीचं नव्हे हं, ती ज्याच्यावर उभी आहे त्या भेगाळ खडकाचं, तेही 17 वर्षं. नदीपासून 359 मीटर उंच पूल, खडक सरकला तर संपलंच.

माझी भाची इथे इंदूरला एसजीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये सिव्हिललाच आहे. रामबागेतल्या काकू अजून विचारतात, "अगं, उन्हात उभी राहशील का साईटवर?" तिला तर जिओटेकच, म्हणजे माती-खडकांचं इंजिनिअरिंगच करायचंय, एमटेकच्या प्रवेशासाठी गेट परीक्षेचा अभ्यास जोरात चाललाय.