गोठ्याशेजारचे घर आणि ‘आम्ही आधीपासून इथे आहोत’ हे उत्तर

उत्तरेची_खिडकी :
काल ‘दावणवाला’ यांनी लिहिले की, ज्यांना शेणाचा वास आणि गुरांचे हंबरणे सोसत नाही त्यांनी शेताला लागून घर घेऊच नये; गोठा आधीपासून होता, नाके नंतर आली, तेव्हा खिडकी लावून घ्यावी आणि गप्प बसावे. त्यावर वाहवा करणाऱ्यांची जी रांग लागली, ती पाहून राहवले नाही.

मी गुरांमध्येच वाढले आहे. धार काढणे आणि गव्हाण झाडणे ही कामे मला केवळ ऐकून माहीत नाहीत, आणि नेमक्या त्याच कारणाने हा युक्तिवाद मला खटकतो. जनावर आहे तिथे वास असणार, हे कोणी नाकारत नाही. चारा खाणाऱ्या गाईच्या ताज्या शेणाच्या वासाने कोणी घर सोडत नाही. डोळ्यांना झोंबणारा आणि वाळत घातलेल्या कपड्यांत बसणारा वास वेगळा असतो. तो नुसत्या शेणाचा नसतो, नुसत्या मुताचाही नसतो. दोन्ही एकत्र साचू दिल्याचा असतो. मुतात युरिया असतो, शेणातल्या जिवाणूंकडे तो फोडणारे विकर असते, आणि त्यांची गाठ पडली की काही तासांतच अमोनिया सुटू लागतो. गोठ्याच्या जमिनीला उतार दिला, मूत लगेच वाहून जाईल अशी नाली काढली आणि शेणाच्या ढिगात कोरडा पालापाचोळा मिसळून तो अधूनमधून वरखाली केला, तर बरेचसे भांडण तिथेच मिटते. तोच ढीग उघड्यावर पावसात भिजत ठेवला की आत हवा शिरत नाही आणि तो सडक्या अंड्यांसारखा घाण मारू लागतो.

आता यातली गंमत पाहा. अमोनिया म्हणजे नत्र. शेजाऱ्याच्या खिडकीतून जे आत शिरते ते आपल्याच पिकाचे खत असते, आणि ते वाऱ्यावर सोडून दिल्यावर हंगामात आपण युरियाच्या गोण्या विकत आणतो. ‘आम्ही आधी आलो’ हे उत्तर या उधळपट्टीला कसे लागू पडते, ते मला कोणीतरी समजावून सांगावे. ‘मला तर कसलाही वास येत नाही’ हे उत्तर मात्र कृपया देऊ नये, कारण सतत येणाऱ्या वासाची दखल घेणे नाक थोड्याच वेळात सोडून देते. मालकाचे नाक हा या खटल्यातला सर्वांत निरुपयोगी साक्षीदार आहे.

दावणवाला :
रसायनशास्त्र पाठ आहे, त्याबद्दल अभिनंदन. आता तो ढीग वरखाली करायला माणूस कुठून आणायचा, तेही सांगून टाका. गुरांना रविवार नसतो. सकाळ-संध्याकाळची धार ठरल्या वेळी काढावीच लागते, अन्यथा कास तटते आणि दगडीचा, म्हणजे कास सुजण्याच्या रोगाचा, धोका वाढतो. त्यानंतर चारा, पाणी, आजारी जनावर, आणि मग उरलेल्या वेळात आपला तो पालापाचोळा.

माझ्या शेजारच्या गृहस्थांचे उदाहरण देतो. घर घेताना त्यांनी माझ्या गाईंबरोबर हौसेने छायाचित्रे काढून घेतली होती. राहायला आल्यावर आधी कोंबड्याची तक्रार आली, मग शेणाची, मग पहाटे लावलेल्या दिव्याची, आणि शेवटी मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) आंबूस वासाची, जो मला विचाराल तर सुगंध आहे. सगळ्या तक्रारी मान्य केल्या असत्या, तर आज माझ्याकडे गोठ्याऐवजी एक स्वच्छ, निःशब्द आणि रिकामी छपरी उरली असती. म्हणून मी पुन्हा लिहितो की जे आधी होते त्यांच्याशी जुळवून घेणे हे नंतर येणाऱ्याचे काम आहे.

वकिली_चष्मा :
हा वाद चारशे वर्षांपेक्षा जुना आहे. इंग्लंडमध्ये १६१० साली विल्यम ऑल्ड्रेड याने शेजाऱ्याच्या डुकरांच्या खोपटाबद्दल दावा लावला, तेव्हा डुकरांचा वास सोसवणार नाही इतके नाजूक नाक कोणी बाळगू नये, असा बचाव प्रतिवादीने केला होता. निकाल ऑल्ड्रेडच्या बाजूने लागला. ‘तक्रारदार नंतर आला’ हा बचाव इंग्लंडच्या न्यायालयाने १८७९ सालच्या स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन या खटल्यातही मानला नाही, जरी तिथे जनावरांचा नव्हे तर कुटण्याच्या आवाजाचा प्रश्न होता.

दुसऱ्या बाजूलाही आधार आहेत. फ्रान्समध्ये मोरिस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्याविरुद्धचा दावा २०१९ साली फेटाळला गेला, आणि २०२१ साली तिथे ग्रामीण भागातले आवाज आणि वास यांना वारसा म्हणून मान्यता देणारा कायदा झाला. अमेरिकेतल्या सर्व ५० राज्यांत शेतीला अशा दाव्यांपासून संरक्षण देणारे कायदे आहेत; मात्र त्यांतले बरेच कायदे निष्काळजीपणाला पाठीशी घालत नाहीत, ही ओळ टाळ्या वाजवणारे वाचत नाहीत. मला स्वतःला ॲरिझोनाचा १९७२ सालचा निकाल सर्वांत शहाणपणाचा वाटतो. गुरे पोसून पुष्ट करण्याचा एक मोठा तळ आधीपासून चालू होता आणि एका विकासकाने नवी वसाहत वाढवत त्याच्या अंगावर आणली. न्यायालयाने तळ हलवायला सांगितले, पण हलवण्याचा भुर्दंड विकासकाने सोसावा असेही ठरवले.

दावणवाला :
विकासक खर्च देणार असेल तर मी उद्या सकाळी गाई सोडतो. पत्ता तेवढा कळवा.

रात्रपाळी :
सगळे वासावर बोलत आहेत, आवाजाचे कोणी काढत नाही. मी रात्री काम करून सकाळी झोपायला येते, आणि माझा डोळा लागतो त्याच वेळी शेजारी कडबा कुट्टीचे यंत्र सुरू होते. गाईने हंबरावे, माझी काहीच हरकत नाही. यंत्राखाली रबराच्या गाद्या घालायला आणि पात्यांना वेळच्या वेळी धार लावायला कोणती परंपरा आडवी येते, एवढेच मला विचारायचे आहे.

कोंबड्याबद्दलही एक सांगते. तो उजाडल्यावर आरवतो ही समजूत अर्धीच खरी आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की मंद, न बदलणाऱ्या उजेडात ठेवलेले कोंबडेही शरीरातल्या घड्याळाप्रमाणे ठरावीक वेळी आरवत राहतात; कळपात आधी वरच्या मानाचा कोंबडा आरवतो आणि मग बाकीचे, हेही त्यांनी नंतर नोंदवले. म्हणजे खुराडे अंधारात ठेवण्याचा सल्ला फारसा कामाचा नाही. पण कोंबडी अंडी घालते त्यासाठी कोंबडा लागत नाही, पिल्ले हवी असतील तरच लागतो. तेव्हा केवळ अंड्यांसाठी पाळलेल्या कळपात अनेक कोंबडे कशासाठी ठेवले जातात, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

मूक_श्रोता :
आपण सर्वजण आपापल्या झोपेची आणि नाकाची काळजी करत आहात. रात्रभर जी गाय हंबरते ती कशासाठी हंबरते, हे एकानेही विचारलेले नाही. तिचे वासरू तिच्यापासून तोडलेले असते. मी गोठ्याजवळ राहत असताना ते हंबरणे ऐकले आहे. गाय दाव्याला ताण देऊन एकाच दिशेला तोंड करून उभी राहते, चाऱ्याला तोंड लावत नाही, आणि घसा बसला तरी थांबत नाही. याला आपण ‘उपद्रव’ म्हणतो, यातच सगळे आले. प्रश्न आवाज बंद करण्याचा नाही, गोठाच बंद करण्याचा आहे.

दावणवाला :
आले! मी वाटच पाहत होतो. ताई, माझ्या गोठ्यात वासरू चीक पिऊनच वाढते, आणि एखादे दगावले तर घरात कोणाला जेवण जात नाही. चार भिंतींत बसून आम्हाला कसाई ठरवणे फार सोपे आहे.

हंबरणाऱ्या प्रत्येक गाईला वासरूच हवे असते, असेही नाही. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते, तेव्हाही ती बेचैन होऊन ओरडते. म्हशीचा तर बहुतेक वेळा मुका माज असतो. तिने ओरडावे म्हणून आम्ही रात्री कान लावून बसतो, कारण तो माज हुकला की पुढचे तीन आठवडे फुकट गेले. तुमचा उपद्रव ही आमची खबर असते.

निवृत्त_पशुवैद्य :
दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघेही ते नको तितके ताणत आहेत. जन्मानंतर काही तासांत वासरू वेगळे केले तर दोघांचे ओरडणे कमी असते. काही दिवस किंवा आठवडे एकत्र राहून मग वेगळे केले तर ते बरेच वाढते. यावरून गोठेवाले म्हणतात की लवकर तोडणेच दयाळूपणाचे आहे. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो, कारण कमी आवाज म्हणजे कमी दुःख असे गणित मांडता येत नाही, आणि आईजवळ राहून भरपूर दूध पिणाऱ्या वासराची वाढ चांगली होते हेही आम्ही पाहतो. मधला मार्ग आहे. आधी वासराच्या नाकाला झडप बसवून केवळ दूध तोडायचे, त्याला आईजवळच ठेवायचे, आणि काही दिवसांनी वेगळे करायचे. अशा दोन टप्प्यांत दोघांचेही हंबरणे पुष्कळ कमी होते.

मूक_श्रोता :
म्हणजे आईजवळ उभे राहून उपाशी राहायचे. मोठीच कृपा झाली.

निवृत्त_पशुवैद्य :
उपाशी नाही, चारा खाऊ लागलेल्या वासराबद्दल मी बोलत आहे. निदान वाचून तरी चिडावे.

विषय निघालाच आहे म्हणून वासाबद्दल एक गंभीर गोष्ट सांगतो. शेणाची पातळ रबडी साठवलेला बंद खड्डा ढवळला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. तो अत्यल्प असतो तेव्हा सडक्या अंड्यांचा वास येतो, परंतु हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे सुमारे १०० ते १५० भाग झाले की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. वास गेला म्हणून माणूस खाली उतरतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. असे पाठोपाठ झालेले मृत्यू मी जवळून पाहिले आहेत. शेजाऱ्याची नाराजी परवडते.

उत्तरेची_खिडकी :
गाय-वासराचा स्वतंत्र धागा काढावा, अशी विनंती करणार होते, पण आता उशीर झाला आहे. ‘दावणवाला’ यांना एकच विचारते. ढीग हलवायचा किंवा शेतात पसरायचा दिवस आणि वेळ तरी आपल्या हातात असते ना? रात्री आणि पहाटे गार हवा जमिनीलगत दडून बसते आणि वासही तिच्याबरोबर तिथेच राहतो. ऊन तापल्यावर हवा वर उठते आणि वास लवकर पांगतो. पसरलेले खत त्याच दिवशी नांगरून मातीआड केले, तर नत्रही वाचतो. याला जादा माणूस लागत नाही.

दावणवाला :
नांगराला काय वाऱ्यावर इंधन मिळते? पण ठीक आहे. ऊन तापल्यावर ढीग हलवायला माझी ना नाही, कारण पहाटे मला तसाही वेळ नसतो. आदल्या दिवशी शेजारी निरोपही देईन, म्हणजे त्यांनी त्या दिवशी कपडे आत वाळत घालावेत. मूत वाहून नेणारी नाली काढण्याचे पावसाळ्यानंतर बघू. कोंबडा मात्र राहणार.

रात्रपाळी :
आणि कुट्टी यंत्राच्या गाद्या?

दावणवाला :
ते यंत्र माझे नाही. ज्याचे आहे त्याच्याशी भांडा.