क्लच रेटिंगवरून चौथा क्रमांक ठरवू नका

बेसबॉलच्या सिम्युलेशन गेममध्ये क्लच रेटिंग (मोक्याच्या क्षणी खेळाडू किती चांगली फलंदाजी करतो याचा आकडा) बघून फलंदाजीच्या क्रमातला चौथा फलंदाज निवडावा, हे मत मला अजिबात पटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर रनर असताना, म्हणजे अशा मोक्याच्या वेळी, नियमित फलंदाजाला हंगामात साधारण दीडशेच संधी मिळतात. त्यात सहा हिट इकडचे तिकडे झाले की .२६० ची सरासरी .३०० होते! बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक डिक क्रेमरने १९७७ मध्ये १९६९ आणि १९७० चे हंगाम ताडून पाहिले, तर पहिल्या वर्षीचे क्लचवाले दुसऱ्या वर्षी तसे टिकले नव्हते.

सिम्युलेशनचं इंजिन ते रेटिंग खरंच मोजत असेल, तर ऑन-बेस (बेसवर पोहोचण्याचं प्रमाण) आणि स्लगिंग (मोठे फटके मारण्याची ताकद) सारखं असलेल्या दोघांतून एक निवडताना जरूर वापरा. पण त्यासाठी .३८० ऑन-बेसवाल्याला सातव्यावर ढकललंत, तर क्लचवाला येईल तेव्हा बेसवर असणार कोण?