मदत हवी आहे : पुण्यातील देवांच्या विचित्र नावांची फेरी

नमस्कार. पुण्यात राहून बरीच वर्षे झाली, तरी इथल्या देवांना लोकांनी दिलेल्या नावांकडे माझे लक्ष अलीकडेच गेले, आणि तेही नागपूरहून आलेल्या भाचीने, मी रिक्षावाल्याला 'सोन्या मारुती चौकात सोडा' असे सांगत असताना ते ऐकून, 'मामा, मारुती सोन्याचा आहे का?' असे विचारले तेव्हा. मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर आम्ही दोघे मोजू लागलो: जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, गुपचूप गणपती. पासोड्या विठोबापाशी पूर्वी पासोड्या, म्हणजे जाड पांघरुणे, विकली जात, असे सांगतात. जिलब्या मारुतीच्या नावामागे मिठाईवाल्याने देवाला घातलेली जिलब्यांची माळ आहे, अशीही कथा आहे. मात्र ज्याला विचारावे तो निराळी कथा सांगतो, आणि ठामपणे सांगतो. (हेही पुणेरीच!)

येत्या रविवारी भाचीला ही मंदिरे पायी दाखवण्याचा विचार आहे. शनिवार, सदाशिव, बुधवार आणि गणेश या पेठांतून फार मागे-पुढे न करता ती कोणत्या क्रमाने पाहावीत? डुल्या आणि गुपचूप या नावांविषयी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडून काय ऐकले आहे, तेही कृपया कळवावे. परस्परविरोधी कथा असल्यास दोन्ही चालतील. शिवाय माझ्या यादीतून सुटलेले एखादे नाव असेल, तर ते पेठेसह सांगावे.