मदत हवी आहे : खाडीकाठी तिवराची रोपं टिकत नाहीत

नमस्कार मंडळी. आमच्या गावात (देवगड तालुका) खारबंधाऱ्याबाहेर (खारं पाणी अडवणाऱ्या बांधापलीकडे) उघड्या चिखलात आम्ही कांदळवन (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडी, मॅन्ग्रोव्ह) वाढवू पाहतोय. त्यातल्या कांदळ या झाडाची चिंता नाही. त्याच्या लांब शेंगा झाडावरच रुजून येतात, एक तृतीयांश चिखलात खोचल्या की बहुतेक उभ्या राहतात. अडलंय तिवर या दुसऱ्या झाडाचं. पावसाळ्यात बी पडतं, साल गळते, जाड दळं उघडतात, पण मूळ धरायला काही दिवस पाण्याने न हलता मिळावे लागतात. उधाण आलं की सगळं वाहून जातं. बंधाऱ्यालगत उंच भागात थोडी टिकतात, पण तिथे गुरं सोडतात (त्यावर गावात बोलून झालंय, असो). खालच्या बाजूला जी जगतात त्यांच्या खोडावर बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचाचे समुद्री जीव) चढून रोप वाकतं.

बी भांगाच्या दिवसांत (भरती कमी असते तेव्हा) टाकावं, की पिशवीत रोपं करून लावावीत? पिशवीतली किती उंच झाल्यावर? बार्नॅकल खरवडले तर कोवळी साल सोलते, दुसरा उपाय आहे का? की खालचा पट्टा तिवरासाठी नाहीच, तिथे चिप्पी (कांदळवनातलंच आणखी एक झाड) लावावी? रायगड-रत्नागिरीकडे कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.