यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक मोटरसायकल)चं फुल इंजिन काम : रॉड कुठला, पिस्टन कुठला?

बी-३०२ : आरएक्स १०० उघडलीय. रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वर-खाली हलतो, ब्लॉकमध्ये (सिलिंडरमध्ये) ओरखडे आहेत. मिस्त्री म्हणतो आरएक्स १३५चा ब्लॉक-पिस्टन चढवू, रॉड कुठल्याही कंपनीचा घेऊन या. आणू का?

सी-१०४ : थांब. दोन्ही गाड्यांचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५० मि.मी. आहे, म्हणून लोकांना ते सोपं वाटतं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मात्र १००चा ५० आणि १३५चा ५८. म्हणजे ९८ सीसीचे १३२ होतात. पिस्टन जड, क्रँकचा तोल हलक्या पिस्टनसाठी केलेला, त्यामुळे हँडलला मुंग्या येणार. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे) नव्याने लावायचे, ब्लॉकचा खालचा स्लीव्ह (आतली नळी) क्रँककेसच्या तोंडात बसतो का ते बघायचं. आणि आरसीवर ९८च राहणार, ते वेगळंच लफडं.

बी-३०२ : मग १००चंच ठेवतो. रॉड?

सी-१०४ : जुना रॉड फेकू नकोस, नव्याशेजारी ठेव. व्हर्नियरने दोन्ही भोकांच्या आतल्या कडांमधलं अंतर घे, त्यात दोन्ही व्यासांच्या बेरजेचा निम्मा मिळव. ही झाली सेंटर टू सेंटर लांबी. पिस्टनवर गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) मध्यापासून माथ्यापर्यंत उंची मोज. या दोन आकड्यांची बेरीज जुन्या जोडीइतकीच हवी. रॉड १ मि.मी. लांब निघाला तर पिस्टन सगळीकडे १ मि.मी. वर राहतो: एक्झॉस्ट (धूर बाहेर जाणारं भोक) आणि ट्रान्स्फर (ताजं मिश्रण वर येणारी भोकं) हे पोर्ट उशिरा उघडतात, खाली आल्यावरही पोर्ट पूर्ण मोकळे होत नाहीत, आणि वर माथा हेडला ठोकू शकतो.

ए-५०१ : काका, पिस्टन बुटका निघाला तर?

सी-१०४ : उलटं. कॉम्प्रेशन पडतं, पोर्ट लवकर उघडतात. स्कर्टही (पिस्टनचा खालचा घेर) आखूड असला तर पिस्टन वर असताना एक्झॉस्ट खालून उघडा पडतो. शिवाय आरएक्सला रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आत सोडणारी झडप) आहे, म्हणून इनलेटच्या बाजूला स्कर्टला खिडक्या हव्यातच. बिनखिडकीचा पिस्टन वरून हुबेहूब दिसतो, पण गाडी कोंडते.

ए-५०१ : बोअरिंग (सिलिंडर आतून कातून मोठा करणं) आज टाकून मोकळं होऊ का?

सी-१०४ : नाही! पिस्टन हातात येऊ दे. तोच मायक्रोमीटरने स्कर्टवर, पिनच्या काटकोनात मोजायचा आणि त्याच्यावर बोअर करायचा, पाकिटावरच्या आकड्यावर नाही. पिस्टन-सिलिंडरमधल्या फटीचा आकडा पिस्टनबरोबर येतो, बोअरिंगवाल्याला तोच दे. आधी ०.२५ ओव्हरसाइज (तेवढ्या मि.मी.ने मोठा पिस्टन) बघ, ओरखडा गेला नाही तर ०.५०. बोअरिंगनंतर पोर्टच्या कडा हलक्या मोडून घे, नाहीतर रिंग अडकून तुटते.

बी-३०२ : जोडणी?

सी-१०४ : रॉड, क्रँक पिन, बेअरिंग, वॉशर एकाच किटमधले घे. प्रेसवर बसवल्यावर डायल गेजवर रनआउट (फिरताना क्रँकची होणारी डगमग) ०.०३ मि.मी.च्या आत, त्यापेक्षा जास्त असेल तर परत पाठव. स्मॉल एंडचा (रॉडच्या पिनकडच्या टोकाचा) खेळ ०.८ ते १ मि.मी., २च्या पुढे गेला तर रॉड किंवा बेअरिंग गेलेलं. रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून फीलर गेजने गॅप बघ. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगचं तोंड खुंटीवर, सर्क्लिप (पिन अडवणारी कडी) नवीनच. शेवटी माथा आणि हेडमधली फट बघायला सोल्डर तार: प्लगच्या भोकातून पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना घाल, क्रँक एकदा फिरव, चेपलेली तार मोज. १ मि.मी.च्या खाली जाऊ नकोस.

ए-५०१ : क्रँकची ऑइल सील?

सी-१०४ : बदलायचीच. तिथून हवा खेचली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल-ऑइल कमी) आणि नवा पिस्टन पहिल्याच आठवड्यात जाम. ऑइल पंपातली हवाही काढून टाक. सुरुवातीला पेट्रोलमध्ये थोडं टू-टी (टू-स्ट्रोक ऑइल) घाल.

सचिव : पार्ट धुतलेलं रॉकेल पार्किंगच्या गटारात सोडू नये.

बी-३०२ : हो काका. क्रँक आधी प्रेसवर देतो, पिस्टन आला की ब्लॉक.